मशीनवरचे नाव : आयझॅक मेरिट सिंगर

काही माणसांची नावे ग्रंथांत राहतात, काहींची रस्त्यांना आणि चौकांना दिली जातात. एखाद्याचेच नाव असे असते, की ते घरातल्या काळ्या लोखंडी यंत्रावर सोनेरी अक्षरांत उरते आणि ते वाचणाऱ्याला हा कोणी हाडामांसाचा माणूस होता असे वाटतही नाही. सिंगर हे त्यांपैकी एक नाव. आजीच्या हातमशीनवर, शिंप्याच्या दुकानातल्या पायमशीनवर, जुन्या बाजारात धूळ खात पडलेल्या सांगाड्यावर हे नाव आपण सर्वांनी पाहिले आहे. ते ज्याचे होते तो आयझॅक मेरिट सिंगर कसा जगला, याची हकिकत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

आपल्या देशाशी त्याचा एक संबंध मोठा लक्षणीय आहे. १९२४ साली दिल्लीत जी. रामचंद्रन या तरुणाने महात्मा गांधींना यंत्रांविषयी प्रश्न विचारले. सर्वच यंत्रांना आपला विरोध आहे काय, या प्रश्नावर गांधीजींनी अपवाद म्हणून नाव घेतले ते सिंगरच्या शिवणयंत्राचे. आपली पत्नी हाताने टाके घालून शिणून जाते हे सिंगरने पाहिले, तिच्यावरील प्रेमापोटी त्याने हे यंत्र शोधून काढले आणि तिच्याबरोबर जगातील साऱ्या स्त्रियांचे श्रम वाचवले, अशी त्यांची समजूत होती. अशी यंत्रे करण्यासाठी कारखाने लागतील, तर ते सरकारच्या ताब्यात असावेत, असेही त्यांनी त्या वेळी सांगितले. यंत्राच्या मुळाशी लोभ नसावा, प्रेम असावे, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो लाखमोलाचा आहे. परंतु त्यासाठी त्यांनी जे उदाहरण घेतले त्याचा खरा इतिहास फार वेगळा आहे. तो समजून घेतला म्हणजे गांधीजींचा मुद्दा खोटा ठरत नाही. उलट तो अधिक अवघड होऊन आपल्यापुढे उभा राहतो.

आयझॅकचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात पिट्सटाउन या खेड्यात झाला. बाप जर्मनीतून आलेला कारागीर. मुलगा दहा वर्षांचा असताना आईबाप विभक्त झाले, घरात सावत्र आई आली, आणि बारा वर्षांचा आयझॅक घर सोडून रॉचेस्टर येथे थोरल्या भावाकडे निघून गेला. शाळा जेमतेम झाली. एकोणिसाव्या वर्षी तो एका यंत्रकाम करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला, पण काही महिन्यांतच तेही सोडले. त्याला वेड होते नाटकाचे. उंच, धिप्पाड देह, खणखणीत आवाज आणि लोकांवर छाप पाडण्याची विलक्षण हौस, एवढ्या भांडवलावर तो फिरत्या नाटक मंडळ्यांतून हिंडू लागला. पैसे संपले की कुठे तरी लेथवर किंवा सुतारकामावर हात चालवायचा आणि चार पैसे गाठीला आले की पुन्हा रंगभूमी, असा त्याचा क्रम जवळजवळ वीस वर्षे चालला.

१८३० साली त्याने कॅथरिन हेली या पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. दोन मुले झाली. १८३६ साली बाल्टिमोर येथे त्याची गाठ मेरी अ‍ॅन स्पॉन्सलर या तरुणीशी पडली. आपले लग्न झाले आहे हे त्याने तिच्यापासून लपवून ठेवले. ते पुढे तिला कळले, तरी ती त्याच्याजवळच राहिली. घटस्फोट झाला की रीतसर लग्न करू, या शब्दावर ती सुमारे चोवीस वर्षे त्याची पत्नी म्हणून लोकांत वावरली, त्याच्याबरोबर रंगमंचावर उभी राहिली आणि तिने त्याच्या दहा मुलांना जन्म दिला. हा शब्द सिंगरने कधीच पाळला नाही.

१८३९ साली इलिनॉय राज्यात कालव्याच्या कामावर असताना त्याने खडक फोडण्याचे एक यंत्र तयार करून त्याचे पेटंट मिळवले आणि ते दोन हजार डॉलरना विकले. त्या काळच्या मानाने ही मोठी रक्कम होती. शहाणा माणूस त्यातून कारखाना काढता. सिंगरने नाटक कंपनी काढली. मेरिट प्लेयर्स हे तिचे नाव. स्वतः तो आयझॅक मेरिट या नावाने काम करी. कंपनी गावोगाव फिरली, पैसे संपले आणि मंडळी ओहायोतील एका आडगावात अडकून पडली. तेथे एका लाकूड कापण्याच्या गिरणीत त्याने नोकरी धरली. लाकडी छपाईची अक्षरे कोरण्याचे एक यंत्र त्याने रचले आणि १८४९ साली त्याचेही पेटंट घेतले. हे यंत्र घेऊन तो न्यूयॉर्कला आला. पण ज्या कारखान्यात ते ठेवले होते तेथे बॉयलरचा स्फोट होऊन नमुन्याचा चुराडा झाला. सिंगर तेव्हा चाळिशीकडे झुकला होता. बायको एकीकडे, दुसरी स्त्री व तिची मुले दुसरीकडे, खिसा रिकामा.

या पडत्या काळात त्याला जॉर्ज झीबर नावाचा एक पुस्तकविक्रेता भेटला. त्याने आपली शिल्लक या कोरणीयंत्रावर लावली आणि दोघे १८५० साली बॉस्टनला आले. तेथे ऑर्सन फेल्प्स याच्या छोट्याशा कारखान्यात त्यांनी जागा भाड्याने घेतली. कोरणीयंत्राला कोणी विचारीना. फेल्प्सकडे मात्र एका वेगळ्याच यंत्राचे काम चालू असे. लेरो आणि ब्लॉजेट या दोघांच्या पेटंटाप्रमाणे तो शिवणयंत्रे बनवीत असे आणि ती सारखी बिघडून दुरुस्तीला परत येत. या यंत्रात सुधारणा करावी अशी सूचना पुढे आली, तेव्हा सिंगर प्रथम हसला, असे सांगतात. शिवणकाम हीच एक गोष्ट बायकांना गप्प बसवते, तीही तुम्ही काढून घेणार काय, अशा अर्थाचे काहीसे तो बोलला म्हणतात. स्त्रियांच्या श्रमांच्या कळवळ्याने यंत्र शोधणाऱ्या प्रेमळ पतीचे चित्र येथेच पुसले जाते.

परंतु यंत्रापुढे उभा राहिला की हा माणूस बदलत असे. त्या मशीनमध्ये शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याचा धोटा, गोल फिरत असे आणि प्रत्येक फेरीबरोबर दोऱ्याला पीळ पडून तो तुटे. सिंगरने सांगितले की धोटा गोल न फिरता सरळ रेषेत पुढेमागे जावा, आणि सुई आडवी न चालता सरळ वरून खाली यावी. कापड उभे टांगण्याऐवजी सपाट पाटावर पसरावे, वरून एका दांड्याने ते दाबून धरावे, खाली दातेरी चाकाने ते पुढे सरकावे आणि सर्व यंत्र पायाने चालावे, म्हणजे शिवणाऱ्याचे दोन्ही हात कापडाला मोकळे राहतील. आज कोणत्याही मशीनकडे पाहिले तर ही रचना इतकी स्वाभाविक वाटते, की ती कोणी तरी एके दिवशी सुचवली असेल हे खरे वाटत नाही.

झीबरने चाळीस डॉलर काढून दिले आणि काम सुरू झाले. सिंगरने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे अकराव्या रात्री यंत्र जोडून पूर्ण झाले. टाका घालून पाहिला, तर तो बसेना. दोऱ्याचे सैल फासे नुसते वर लोंबत राहिले. कामगार कंटाळून एकेक करून निघून गेले. झीबर कंदील धरून उभा होता. शेवटी तेही दोघे मध्यरात्री बिऱ्हाडाकडे निघाले आणि वाटेत लाकडाच्या ढिगावर खिन्न होऊन बसले. फासे कापडाच्या वरच्या बाजूला आहेत, हे झीबर सहज बोलून गेला, आणि सिंगरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वरच्या दोऱ्याला ताण देणारी कमान बसवायची राहून गेली होती. दोघे परत आले, ताण नीट बसवला, पाच टाके पक्के पडले आणि दोरा तुटला. पण तेवढे पुरेसे होते. १२ ऑगस्ट १८५१ रोजी या यंत्राला अमेरिकेत ८२९४ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शिवणयंत्राचा मूळ शोध सिंगरचा नव्हे. फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए या शिंप्याने १८३० सालीच साखळी टाका घालणारे लाकडी यंत्र काढले होते. सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी पॅरिसमध्ये त्याची सुमारे ऐंशी यंत्रे चालत. आपली भाकरी जाणार या भीतीने शिंप्यांच्या जमावाने १८३१ साली ती फोडून टाकली. पुढे तिमोनिए दारिद्र्यातच मेला. न्यूयॉर्कमधील वॉल्टर हंट याने १८३३-३४च्या सुमारास टोकाला नेढे असलेली सुई आणि धोटा यांची जोडी जमवली होती. पण शिवणकाम करून पोट भरणाऱ्या गरीब बायकांचे काय होईल, या विचाराने त्याने पेटंट घेण्याचे टाळले, असे सांगतात. आणि १० सप्टेंबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या एलायस हाउ याने याच तत्त्वावर पेटंट मिळवले होते.

हे तत्त्व आहे तरी काय? हाताच्या सुईचे नेढे मागे असते आणि सुई कापडातून आरपार जाते. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाला असते. सुई दोरा घेऊन कापडाखाली उतरते आणि किंचित वर येते. त्यामुळे दोऱ्याचा छोटासा फासा खाली तयार होतो. त्या फाशातून खालच्या दोऱ्याचा धोटा निघून जातो, सुई वर जाते, आणि वरचा व खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकून बसतात. याला अडकटाका म्हणता येईल. तो एका टोकाने ओढून उसवत नाही. आजही घरगुती मशीन याच टाक्यावर चालते.

गांधीजींनी ऐकलेली पतिप्रेमाची कथा खरे तर या हाउला अधिक शोभते. हाउ प्रकृतीने अशक्त, घरी मुले, पैसा नाही. त्याची पत्नी एलिझाबेथ लोकांचे कपडे शिवून घर चालवी आणि तो अंथरुणावर पडून तिचा हात कसा चालतो ते न्याहाळीत बसे, अशी हकिकत आहे. १८४५ साली बॉस्टनमध्ये त्याच्या यंत्राने पाच शिवणकाम करणाऱ्या मुलींना शर्यतीत मागे टाकले, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. तो इंग्लंडला गेला, तेथे फसगत झाली, आणि १८४९ साली कफल्लक होऊन परतला तो पत्नीच्या मृत्युशय्येपाशी. ज्या बाईचे श्रम पाहून यंत्र सुचले तिला त्या यंत्राचे सुख काही मिळाले नाही. सिंगरची मशीन बाजारात आली तेव्हा हाउने आपल्या पेटंटाचा हक्क सांगितला. सिंगर भांडला. हंटचे जुने यंत्र शोधून काढून शोध हाउच्या आधीचा आहे असे त्याने सिद्ध करू पाहिले. परंतु हंटने वेळेवर पेटंट घेतले नव्हते. १८५४ साली हाउ जिंकला आणि सिंगरला पंधरा हजार डॉलर मोजावे लागले.

तोपर्यंत सिंगरच्या पाठीशी एडवर्ड क्लार्क हा वकील भागीदार म्हणून आला होता. पैशाऐवजी भागी घेऊन त्याने खटले चालवायचे ठरवले. या दोघांइतकी विजोड जोडी क्वचितच झाली असेल. क्लार्क देवभीरू, मोजके बोलणारा, हिशेबी. सिंगर तोंडाळ, रंगेल, उधळ्या. दोघांचे एकमेकांशी कधी पटले नाही आणि एकमेकांवाचून दोघांचेही चालले नाही. मात्र ज्यांनी सुरुवातीला आधार दिला त्या फेल्प्सला आणि झीबरला लवकरच बाजूला करण्यात आले. झीबर आजारी पडला होता, तेव्हा तू यातून वाचणार नाहीस असे डॉक्टर म्हणतात, असे सांगून सिंगरने त्याची भागी सहा हजार डॉलरना घेतली. झीबर बरा झाला आणि आपण काय गमावले ते पुढे अनेक वर्षे पाहत राहिला. लाकडाच्या ढिगावर बसून ज्याने फासे पाहिले तो हाच माणूस.

१८५६ साली ऑल्बनी येथे प्रमुख कंपन्या एकमेकींवर खटले भरण्यासाठी जमल्या असताना ग्रोव्हर अँड बेकर कंपनीच्या ऑर्लँडो पॉटरने तोडगा काढला. भांडून वकिलांचे घर भरण्यापेक्षा सगळी पेटंटे एकत्र करावी आणि प्रत्येक यंत्रामागे ठरावीक फी घ्यावी. हाउ, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांचा हा संघ १८७७ सालापर्यंत चालला. एकेकाळी कफल्लक असलेला हाउ त्यामुळे श्रीमंत होऊन १८६७ साली वारला.

शोधाचे श्रेय अनेकांत वाटले गेले, तरी हे यंत्र सामान्य घरात नेऊन ठेवले ते सिंगर आणि क्लार्क यांनीच. प्रारंभी एका मशीनची किंमत शंभर डॉलरच्या घरात असे आणि सामान्य अमेरिकन कुटुंबाची वार्षिक प्राप्ती पाचशे डॉलरच्या आसपास. १८५६ साली क्लार्कने हप्तेबंदी सुरू केली. पाच डॉलर देऊन मशीन घरी न्यावी आणि बाकी दरमहा फेडावी. त्या वर्षी विक्री २,५६४ पर्यंत गेली; आदल्या वर्षी ती ८८३ होती. आज आपण दुचाकीपासून मोबाइलपर्यंत सर्व काही हप्त्यांनी घेतो, त्या व्यवहाराच्या इतिहासात हे मोठे पाऊल होते. जुनी मशीन परत देणाऱ्याला नवीवर पन्नास डॉलर सूटही देऊ केली गेली.

सिंगरच्या अंगचा नटही येथे कामी आला. जत्रांतून, प्रदर्शनांतून तो मशीन घेऊन उभा राही, गाणी म्हणे, संवाद फेकी आणि गर्दी जमली की शिवून दाखवी. त्याच्या पहिल्या मशीनची एक खुबी अशी, की ज्या पेटीतून ती येई तीच पेटी उलगडून तिचा पायमशीनचा ओटा होई. पुढे जगभर गेलेल्या, उचलून नेता येणाऱ्या मशीनची ही जणू पहिली चाहूल होती. बायकांना यंत्र झेपणार नाही, हा त्या काळचा सर्वमान्य समज. तो खोडण्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील आरशा-गालिच्यांनी सजवलेल्या दुकानात तरुण मुली मशीनवर बसून सफाईने शिवत असत. रस्त्यावरून जाणारे थबकून पाहत. मनात आकस ठेवून पाहिले तरी हे मान्य करावे लागेल, की स्त्री यंत्र चालवू शकते हे हजारो लोकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले ते अशा दुकानांच्या काचांतून.

त्याचा परिणाम किती मोठा होता हे एका हिशेबावरून दिसते. व्हीलर अँड विल्सन कंपनीने त्या काळी केलेल्या मोजणीप्रमाणे एक पुरुषी शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागत; मशीनवर तोच शर्ट १ तास १६ मिनिटांत होई. १८४३ साली इंग्रज कवी टॉमस हूड याने शर्ट शिवता शिवता झिजून जाणाऱ्या बाईवर कविता लिहून सगळे इंग्लंड हळहळायला लावले होते. घरात शिवणाऱ्या बाईचे तेरा तास मशीनने वाचवले यात शंका नाही. मात्र मजुरीने शिवणाऱ्या बाईचे वाचलेले तास तिला मिळालेच असे नाही. कोंदट खोल्यांतून नगावर काम घेणारे कारखाने निघाले, दर उतरले, आणि एका शर्टाच्या वेळात तिला दहा शर्ट शिवावे लागले. यंत्र श्रम वाचवते. वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडतात हे यंत्र ठरवीत नाही. कारखाने कोणाच्या ताब्यात असावेत, या गांधीजींच्या विचाराचे मर्म येथे आहे.

सिंगर आता श्रीमंत झाला. पिवळ्या रंगाची एक अवाढव्य घोडागाडी त्याने करवून घेतली होती. तीत मुलाबाळांसह तीस-एक माणसे बसत. १८६० साली कॅथरिनशी घटस्फोट झाला. आता तरी लग्न होईल असे मेरी अ‍ॅनला वाटले. तिने वाट पाहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तिची गाडी आणि त्याची गाडी समोरासमोर आली. त्याच्या शेजारी दुसरीच स्त्री बसली होती. मेरी मॅकगॉनिगल तिचे नाव. तिलाही त्याच्यापासून मुले होती आणि तिच्या घरी तो मॅथ्यूज या नावाने नांदत होता. मेरी वॉल्टर्स नावाच्या आणखी एका स्त्रीचे घर मेरिट या नावाने होते. मेरी अ‍ॅन भर रस्त्यात ओरडली. घरी आल्यावर त्याने तिला आणि मध्ये पडलेल्या मुलीला बेदम मारले. तिने फिर्याद दिली, त्याला अटक झाली, वर्तमानपत्रांत बभ्रा झाला. जामिनावर सुटताच सिंगर लंडनला पळाला आणि सोबत नेली ती मेरी मॅकगॉनिगलच्या धाकट्या बहिणीला. मेरी अ‍ॅन कोर्टात गेली. पण चोवीस वर्षे ज्याचा संसार केला त्याच्या संपत्तीत तिला मोठा वाटा काही मिळाला नाही.

या बदनामीने क्लार्क हादरला. कुटुंबवत्सल घरांना मशीन विकायची, आणि यंत्रावर नाव अशा माणसाचे! १८६३ साली जुनी भागीदारी मोडून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. दोघांनी चाळीस-चाळीस टक्के भाग घेतला आणि दोघांनीही रोजच्या कारभारातून दूर राहायचे ठरवले. त्याच वर्षी सिंगरने इझाबेला बॉयर या पॅरिसच्या तरुणीशी लग्न केले. तिच्यापासून सहा मुले झाली. एकूण मुलांची संख्या चोवीस भरते. पॅरिसमध्ये काही वर्षे काढून १८७०च्या युद्धामुळे ते इंग्लंडला आले. डेव्हन परगण्यातील पेंग्टन येथे समुद्राकाठी त्याने प्रचंड वाडा बांधायला घेतला आणि त्यात खाजगी नाटकघराची योजना केली. मात्र वाडा पुरा होण्याआधी, २३ जुलै १८७५ रोजी तो वारला. मागे तेरा-चौदा दशलक्ष डॉलरची मालमत्ता राहिली. घटस्फोटात आईची बाजू घेणाऱ्या विल्यम या थोरल्या मुलाच्या वाट्याला त्यातले पाचशे डॉलर आले. इझाबेलाची मुलगी विनारेता पुढे पॅरिसमध्ये संगीताची थोर आश्रयदाती झाली. बापाचे नाटकाचे वेड असे दुसऱ्या पिढीत सुसंस्कृत रूपाने उतरले म्हणायचे.

मालकाच्या मृत्यूनंतर यंत्राची खरी दिग्विजययात्रा सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइडबँक येथे कंपनीने १८८०च्या दशकात प्रचंड कारखाना उभारला. तो १९८० साली बंद झाला. आपल्याकडे आलेल्या कित्येक जुन्या मशीन तेथल्याच. मुंबईत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी कंपनीची एजन्सी सांभाळली आणि हिंदुस्थानभर दुकानांचे जाळे विणले. लवकरच शिंप्यांच्या हातातील सुई मागे पडली. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा मशीन काढून स्वदेशी पर्याय दिला. सिंगर कंपनीने पुढे मेरिट या नावाचीही मशीन आपल्याकडे विकली. हे त्याचे मधले नाव. रंगभूमीवर त्याने ते मिरवले आणि एका घरी ते पांघरून तो लपला, याची कल्पना त्या मशीनवर बसणाऱ्या आपल्या भगिनींना कोठून असणार?

जुनी हातमशीन हाती आली तर तिचे वय सांगता येते, हेही जाता जाता सांगावे. पाटावर उजवीकडे एक क्रमांक ठोकलेला असतो. नुसते आकडे असतील तर ती बहुधा १९०० च्या आधीची. आकड्यांपूर्वी इंग्रजी अक्षर असेल तर त्यानंतरची. क्लाइडबँकच्या मशीनवर एफ, जे, वाय अशी अक्षरे आढळतात आणि मॉडेलच्या आकड्यामागे के लावलेला असतो. तो त्या कारखान्याच्या किलबोवी या जागेचा. पाटावरची सरकती पट्टी ओढून पाहावी. आत लांबट धोटा असेल तर ती २८ किंवा १२८ जातीची असू शकते. गोल बॉबिन असेल आणि मशीन आकाराने लहान असेल तर बहुधा ९९ जातीची, जी १९११ पासून निघाली. १९३३ साली आलेली २२१ ही अ‍ॅल्युमिनियमची विजेवरची मशीन सुमारे पाच किलोची, पेटीत घालून हातात नेण्याजोगी. हौशी लोक आज तिला शोधत फिरतात. विकत घेताना सोनेरी वेलबुट्टीवर भुलू नये. चाक हाताने फिरवून पाहावे, धोटा आणि त्याची बॉबिन जागेवर आहेत का ते पाहावे. कारण हे भाग हरवले तर तसेच मिळणे कठीण. जुन्या मशीनच्या पोटात मौल्यवान लाल पारा असतो अशी अफवा २००९ साली सौदी अरेबियात उठली आणि भंगारातल्या मशीनला वेड्यासारखे भाव आले. असा पारा कोणत्याही मशीनमध्ये नसतो. तिचे मोल तिच्या टाक्यात आहे.

त्या टाक्याचे मोल आपल्या समाजाने चांगले ओळखले आहे. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिक्षणाबरोबर शिवणकाम दिले. विधवा, टाकलेल्या, नवऱ्याच्या व्यसनाने उघड्यावर पडलेल्या किती तरी बायकांनी एका मशीनवर मुले शिकवली. आपल्यापैकी कित्येकांच्या फीचे पैसे अशाच मशीनच्या चाकावरून आले आहेत. आणि येथेच सिंगरच्या चरित्राचा विलक्षण पेच आहे. ज्याने एकामागून एक स्त्रीला दिलेला शब्द मोडला, त्याचेच नाव धारण करणारे यंत्र शब्द मोडलेल्या स्त्रियांचा आधार झाले.

मग या माणसाविषयी काय म्हणावे? यंत्राच्या पुण्याईने त्याची पापे धुऊन टाकावीत, असे मला वाटत नाही. मेरी अ‍ॅनचा आणि झीबरचा हिशेब लाखो टाक्यांनी फिटत नाही. त्याच्या वर्तनामुळे यंत्राला हीन लेखावे, असेही नाही. मोठ्या शोधामागे मोठे मन असलेच पाहिजे, ही आपली एक गोड समजूत आहे आणि महात्म्यालाही ती मोहवून गेली. खरे पाहता प्रेम यंत्र करणाऱ्याच्या मनात असेलच असे नाही. ते यंत्र वापरणाऱ्याच्या हाती असते. रात्री दिव्याखाली मुलाचा गणवेश शिवणाऱ्या आईने ते प्रेम त्या काळ्या लोखंडात घातले, आणि ज्या कथेला सिंगर पात्र नव्हता ती कथा तिने आपल्यापुरती खरी करून दाखवली. मशीनवरचे नाव त्याचे असेल. टाका तिचा आहे.